शेवटावरून भांडण झालं, तर मधली पानं उघडा

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एका शाळेतल्या बाई नववी-दहावीच्या मुलांचा वाचनगट चालवतात. या वेळी त्यांनी रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर' ही कादंबरी घेतली आणि गटात सरळ फाटाफूट झाली. एका मुलाच्या मते नायक मूर्ख आहे, गुपचूप चॉकलेटं विकून मोकळं व्हायचं. एका मुलीला पुस्तक खूप भिडलं, पण शेवट वाचून तिला झोप लागली नाही. दुसरी म्हणाली, यात मुलीच नाहीत, मी कशाला वाचू? मागे बसलेला एक मुलगा एवढंच म्हणाला, "असंच असतं." आणि एका पालकांची चिठ्ठी आली: सरळ वागणाऱ्या मुलाला मार बसतो, छळणारे सुटतात, असलं पुस्तक मुलांच्या हाती कशाला? बाई विचारतात, यातलं कुणाचं बरोबर धरायचं, आणि पुस्तक पुढे न्यायचं की मागे घ्यायचं?

बाई, पुस्तक मागे घेऊ नका. आणि कुणाचं बरोबर याचा निवाडा करायला तर बसूच नका. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्तीनंतरही कुमारवयाच्या मुलांचे गट चालवते. ही कादंबरी मी इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर मुळातून वाचली आहे, मराठी माध्यमाच्या मुलांना प्रकरणं मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली आहे. मतं दर वेळी फुटतात. वाद पेटतो तो शेवटावरून, पण त्याचं मूळ मधल्या पानांत असतं. एक मुलगा एकटा पडत गेला आणि शाळेतली बाकीची शेकडो मुलं पाहत राहिली, याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. त्यावर बोलणं जड जातं, म्हणून सगळे शेवटावर बोलतात.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. अमेरिकेतली ट्रिनिटी नावाची कॅथलिक शाळा, फक्त मुलांची. मुख्याध्यापक आजारी असल्याने कारभार ब्रदर लिऑन हा शिक्षक पाहतो. शाळेसाठी पैसे उभे करायला मुलांनी दरवर्षी चॉकलेटं विकायची, ही तिथली रीत. मागच्या वर्षी प्रत्येकाने २५ डबे विकायचे होते, डब्याला एक डॉलर. लिऑन या वर्षी २०,००० डबे उचलतो. आता मुलामागे ५० डबे आणि किंमत दोन डॉलर. शाळेत 'व्हिजिल्स' नावाची मुलांची गुप्त टोळी आहे. तिचा म्होरक्या दुसराच आहे, पण डोकं आर्ची कॉस्टेलोचं चालतं. आर्ची कुणाच्या अंगाला हात लावत नाही, तो मुलांना 'कामगिरी' नेमून देतो. जेरी रेनॉल्ट हा नवा मुलगा, आई नुकतीच गेलेली. त्याला कामगिरी मिळते: दहा दिवस चॉकलेटं विकायला नकार द्यायचा. तो देतो. दहा दिवस संपल्यावर 'हो' म्हणायचं असतं, पण जेरी पुन्हा 'नाही' म्हणतो. का, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. तिथून पुढे सर आणि टोळी एकाच बाजूला येतात. शेवटी मैदानावर सगळ्या शाळेसमोर मुष्टियुद्ध ठेवलं जातं आणि त्यासाठी सोडतीची तिकिटं विकली जातात. कोणी कुणाला कुठे ठोसा मारायचा ते तिकीट घेणाऱ्याने लिहायचं, आणि ज्याच्यावर ठोसा आहे त्याने तो चुकवायचा नाही. जेरी रक्तबंबाळ होतो. आर्ची आणि लिऑन दोघेही सहीसलामत सुटतात.

पुस्तक १९७४ चं आहे. हा शेवट बदला, असं त्या वेळी काही प्रकाशकांनीही कॉर्मियर यांना सुचवलं होतं. ते बधले नाहीत. पुढे अमेरिकेतल्या शाळांमधून आणि ग्रंथालयांमधून हे पुस्तक काढून टाका, अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. २००४ साली तर तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या, सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या यादीत हे पहिलं होतं. आणि त्याच ग्रंथपालांच्या जगाने १९९१ मध्ये कॉर्मियर यांना कुमार साहित्यातल्या कामासाठीचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार दिला. तेव्हा तुमच्या गटात जे झालं त्याने घाबरून जाऊ नका.

आता मधल्या पानांकडे येऊ. दोन प्रसंग आहेत, ते गटात मोठ्याने वाचा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

पहिला प्रसंग लिऑनच्या वर्गातला, कादंबरीच्या सुरुवातीचा. बेली नावाचा हुशार, सालस मुलगा. लिऑन त्याला वर्गापुढे उभा करतो आणि म्हणतो, तुला सगळ्या विषयांत उत्तम गुण मिळतात, पूर्ण तर फक्त देव असतो, मग तू देव आहेस की कॉपी करतोस? हातातली छडी बेलीच्या गालाला लागते. 'चुकून लागली' असं म्हणत लिऑन लगेच क्षमा मागतो. वर्ग आधी हसतो, मग गप्प होतो. हे लांबत जातं. अखेर मागून कुणीतरी पुटपुटतं, सोडा की त्याला. तेवढ्यावर लिऑन वर्गाकडे वळतो आणि मुलांनाच झापतो: एका निरपराध मुलाचा छळ चालला होता आणि तुम्ही पाहत बसलात, क्षणभर तुम्ही या वर्गाचा नाझी जर्मनी केलात, इथे शूर एकटा बेली होता, त्याने खोटं कबूल केलं नाही.

इथे थांबा आणि मुलांना विचारा, लिऑन म्हणाला ते खरं आहे का? ही जागा फार मोलाची आहे, कारण तो म्हणाला ते शब्दशः खरं आहे. वर्ग खरोखर गप्प बसला होता. पण हा धडा शिकवणाराच छळ करणारा होता, आणि मुलांना गप्प बसवणारी भीतीही त्याचीच होती. माझ्या एका गटात यावर बराच वेळ वाद झाला. एक मुलगा म्हणत होता, सरांनी नाटक केलं, पण शिकवलं चांगलं. दुसरा म्हणाला, मग बेलीचं काय? त्याला कुणी सांगितलं होतं का की हे नाटक आहे? मग छडी चुकून लागली की मुद्दाम यावर गाडी आली, आणि मी मध्ये न पडता मुलांनी ते पान तीनतीनदा वाचलं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. हे मी मुलांना या प्रसंगानंतर सांगते. नुसतं कलम सांगून उपयोग होत नाही, पण बेलीचा गाल डोळ्यांसमोर असताना 'मानसिक छळ' म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

दुसरा प्रसंग गूबरचा. गूबर हा जेरीचा मित्र, उंच, धावणारा, मनाने चांगला. त्याने २७ डबे विकलेले असतात आणि मग जेरीला साथ म्हणून तो विकणं बंद करतो. कुणाला सांगत नाही, जाहीर करत नाही, नुसता थांबतो. इकडे व्हिजिल्स विक्री ताब्यात घेतात, टोळकी पाठवून डबे खपवतात आणि त्यांचा आकडा वाटेल त्या मुलाच्या नावावर चढवतात. एके दिवशी सभागृहात आरडाओरड होते: गूबरने ५० पुरे केले! फळ्यावर लिहिलं जातं, टाळ्या पडतात. गूबर तिथेच उभा असतो. 'हे खोटं आहे, मी सत्तावीसवर थांबलोय' एवढंच म्हणायचं असतं. तो म्हणत नाही. तिथून निघतो, आपल्या लॉकरपाशी जातो आणि रडतो.

मला विचाराल तर ही कादंबरीतली सगळ्यात कठीण जागा आहे, शेवटच्या मारामारीपेक्षाही. तिथे कुणी त्याला मारत नाही, धमकावत नाही. उलट टाळ्या वाजवतात. आणि त्याचा विरोध त्याच्या हातून काढून घेतला जातो. 'जेरी मूर्ख आहे' म्हणणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग वाचायला द्या आणि विचारा, गूबर शहाणा का? त्याने तर तू म्हणतोस तसंच केलं, गुपचूप राहिला. मग तो रडला कशाला? उत्तराची घाई करू नका. माझ्या पाहण्यात, जेरीला मूर्ख म्हणणारी मुलं बहुतेक वेळा स्वतः एखाद्या ठिकाणी गुपचूप राहून आलेली असतात, आणि त्या वेळी दुसरा काही उपाय नव्हता अशी त्यांना खात्री हवी असते. ती त्यांच्याकडून हिसकावून घ्यायची नाही. पंधराव्या वर्षी टोळीपुढे मान तुकवणं हा गुन्हा नाही, आणि हे त्या मुलाला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

'हे अमेरिकेतलं, आपल्याकडे असं नसतं' असं कुणीतरी म्हणेलच. दत्तवाडीतल्या एका गटात मी ही गोष्ट सांगत होते. लिऑन रोज हजेरीच्या वेळी एकेक नाव घेऊन कालचा आकडा विचारतो, त्या भागावर आलो तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ताई, आमच्या मंडळाचं पावतीपुस्तक पण असंच. दादा हातात देतो. रात्री सगळ्यांसमोर विचारतो, किती फाडल्या? कमी असल्या तर बोलत काहीच नाही, नुसता बघतो." शेजारच्या मुलीने विचारलं, "मग तू नाही कधी म्हणालास का?" तो म्हणाला, "म्हणालो असतो तर मिरवणुकीत ढोल मिळाला नसता." त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं आणि मुलं वर्गणीवर, ढोलावर, दादावर बोलली. त्याला मंडळ मनापासून आवडत होतं, हेही तो लपवत नव्हता. ट्रिनिटीतल्या मुलांनाही शाळेचा अभिमान आहे, म्हणूनच लिऑनला तो वापरता येतो.

मतं एवढी का फुटतात, याचं एक कारण कादंबरीच्या घडणीतही आहे. प्रकरणागणिक आपण वेगळ्या मुलाच्या डोक्यात जातो: जेरी, आर्ची, आर्चीचा कंटाळलेला हस्तक ओबी, गूबर, आणि मधेच एखादा किरकोळ मुलगा. टब्ज कॅस्पर नावाचा जाड्या चॉकलेटं विकतो खरा, पण मैत्रिणीला ब्रेसलेट घ्यायला पैसे स्वतःकडेच ठेवतो. मुलांना तो फार आवडतो. आता असा लेखक, की जो कुणाच्याच बाजूने बोलत नाही आणि कुठेही मध्ये येऊन सांगत नाही की बघा, हे बरोबर. आपली मुलं शाळेच्या ज्या गोष्टींवर वाढतात त्यांत बहुधा लेखक काकासारखा शेजारी बसलेला असतो आणि शेवटी सगळं मार्गी लावतो. इथे तो आधार नाही, म्हणून ज्याला जो मुलगा आपला वाटला त्याच्या डोळ्यांनी तो पुस्तक वाचतो. शेवटी जेरीलाही गूबरला सांगायचं असतं की ते म्हणतील तसं वाग, विक, खेळ, आपलं वेगळं काही करू नकोस. पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हे कॉर्मियर यांचं मत आहे असं काही वाचक धरून चालतात. मला ते एका फोडून काढलेल्या मुलाचं त्या क्षणीचं म्हणणं वाटतं, आणि ते गूबरपर्यंत पोचत नाही हेही लेखकाने मुद्दामच ठेवलं आहे असं मी मानते. गटात दोन्ही बाजू असू द्या.

मुली नाहीत ही तक्रार बरोबर आहे. मुलांची शाळा आहे हे कारण पुरेसं नाही, कारण ज्या थोड्या मुली दिसतात त्या फक्त मुलांच्या नजरेने दिसतात आणि ती नजर चांगली नाही. भाषाही काही ठिकाणी शिवराळ आहे, लैंगिक उल्लेख आहेत. त्यामुळे आठवीच्या खाली मी हे पुस्तक देत नाही. त्या मुलीला तिचं म्हणणं लिहून काढायला सांगा आणि ते गटात पहिलं वाचून दाखवा. पुस्तकाचा बचाव करू नका.

जिला झोप लागली नाही तिची मला कमी काळजी वाटते. तिने पुस्तक मन लावून वाचलं आहे, आणि ती बोलली आहे. काळजी वाटते ती "असंच असतं" म्हणणाऱ्याची.

हे वाक्य मी बऱ्याच मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. काही जण ते ऐटीत म्हणतात, मोठं झाल्यासारखं. काही जण मान खाली घालून म्हणतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या दप्तरात त्या आठवड्यात कुणीतरी पाणी ओतलेलं असतं. जेरीच्या बाबतीतही आधी लहान गोष्टीच घडतात: लॉकरमधलं पोस्टर विद्रूप केलेलं, बूट फाडलेले, गृहपाठ गायब, रात्री-अपरात्री फोन आणि नुसतं हसणं, आणि मग एक दिवस सगळी शाळा तो दिसतच नसल्यासारखी त्याच्या बाजूने निघून जाते. ही यादी वर्गात वाचताना त्या मुलाकडे बघू नका, पण नंतर त्याला एकट्याला गाठा. "तुला काही झालंय का?" असं विचारू नका, उत्तर 'नाही' येईल. "यातलं तू कुठे पाहिलंस का?" असं विचारा. पाहिलंय म्हणाला तर ऐकून घ्या, लगेच मुख्याध्यापकांकडे धावू नका, पण पुढे काय करणार आहात ते त्याला विचारून ठरवा आणि ठरलेलं त्याच दिवशी करा. मारहाण किंवा लैंगिक त्रासाचं काही निघालं तर मात्र वाट पाहायची नसते, ते तुम्हाला माहीत असेलच. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक गटातल्या सगळ्यांच्या वहीत असावा, कारण सांगायचं कुणाला हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं. आणि सध्या ज्याचा छळ चालू आहे हे तुम्हाला कळलं आहे, त्याच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नका. बरोबर बसून वाचा, नाहीतर पुढे ढकला.

आता त्या पालकांविषयी. त्यांची चिठ्ठी रागाने लिहिलेली असेल, पण तिच्यात काळजी आहे. त्यांना भेटायला बोलवा आणि दोन गोष्टी सांगा. पहिली, या कादंबरीमागे एक खरी घटना आहे. कॉर्मियर यांच्या मुलाने खरंच शाळेची चॉकलेटं विकायला नकार दिला होता. घरच्यांनी त्याला पाठिंबा दिला, शाळेला तसं लिहून कळवलं, आणि काहीही झालं नाही. कुणी त्याला त्रास दिला नाही. कॉर्मियर पेशाने वर्तमानपत्रातले. त्यांच्या मनात आलं, हे असं सुरळीत पार पडलं नसतं तर? कादंबरी तिथून सुरू झाली. म्हणजे खऱ्या आयुष्यात मुलाच्या मागे जो बाप उभा होता, तो लेखकाने गोष्टीतून काढून घेतला आणि मग काय होतं ते पाहिलं.

दुसरी गोष्ट, त्यांना जेरीच्या घरातली पानं वाचायला द्या. जेरीचे वडील औषधाच्या दुकानात काम करतात, वेळा विचित्र, बायको गेल्याने खचलेले. जेरी विचारतो, दिवस कसा गेला? ठीक. दुकानात काय विशेष? ठीक. वाईट माणूस नाही तो. मुलगा शाळेत काय सोसतो आहे याचा त्याला पत्ताच नाही, आणि मुलालाही त्याच्या दुःखात आपली भर घालायची नाही. मी ही पानं पालकसभेत मराठीत सांगते तेव्हा सभेत चुळबुळ थांबते. बसचा थांबा, क्लास, डबा, आणि रात्री साडेनऊला "काय रे, कसा गेला दिवस?" "ठीक." हे संवाद कर्वे रस्त्यावरच्या कुठल्याही सोसायटीत ऐकू येतात. या पालकांना पुस्तक निराशाजनक वाटलं तर वाटू दे, पण ती निराशा कुठून येते हे त्यांनी ही पानं वाचून ठरवावं. त्यानंतरही आपल्या मुलाला हे वाचायला देऊ नका म्हणाले, तर त्यांचं ऐका. त्यांच्या मुलापुरतं. गटाच्या यादीतून पुस्तक काढायचा अधिकार त्यांचा नाही, हेही त्याच वेळी शांतपणे सांगा.

पुढच्या बैठकीचं म्हणाल, तर शेवटावर चर्चा लावू नका. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्या, नाव न घालता लिहायला सांगा: जेरीच्या जागी तुम्ही असतात तर कुठल्या दिवशी 'हो' म्हणाला असतात? दहाव्या, बूट फाटल्यावर, की फोन सुरू झाल्यावर? आणि दुसऱ्या बाजूला: तुम्ही जेरी नसून त्या शाळेतला दुसरा कुणी असतात, तर सोडतीचं तिकीट घेतलं असतंत का? अक्षरं ओळखू येतात, म्हणून चिठ्ठ्या मुलांसमोर वाचू नका. घरी न्या, एका कागदावर पुन्हा लिहून आणा आणि मग तो कागद वाचा. मुलं खरं लिहितात. तिकीट घेतलं असतं असं लिहिणारेही निघतात, आणि ते ऐकताना तुमचा चेहरा बदलता कामा नये.

पुढे काय झालं, असं मुलं विचारतीलच. कॉर्मियर यांनी १९८५ मध्ये 'बियाँड द चॉकलेट वॉर' हा दुसरा भाग लिहिला, त्यात जेरी परत भेटतो. तो गटात घेऊ नका, ज्यांना हवा त्यांनी आपापला वाचावा. गटासाठी यानंतर काहीतरी हलकं घ्या, आणि ते कोणतं ते या वेळी मुलांना निवडू द्या.